दूरदर्शन-आकाशवाणीला पैसा कोण देतं आणि बातम्या कोणाच्या बाजूने असतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सकाळच्या प्रादेशिक बातम्या ऐकत मोठी झाले, आमच्याकडे दुधाचं भांडं गॅसवर चढायचं ते बातम्या लागल्या की आणि उतरायचं ते हवामानाला. त्यामुळे "आकाशवाणी काय, सरकारचा भोंगा" असं कोणी बोललं की मला लागतं, आणि त्यात तथ्य आहे हे माहीत असल्यामुळे जास्त लागतं. लोक मला हे प्रश्न नेहमी विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढतेय.

प्रसारभारती म्हणजे सरकारी खातंच ना?

कागदावर नाही. १९९० साली संसदेने प्रसारभारतीचा कायदा केला, मग सात वर्षं तो तसाच पडून राहिला आणि १९९७ मध्ये गुजराल सरकारच्या काळात, जयपाल रेड्डी माहिती-प्रसारण मंत्री असताना, एकदाचा लागू झाला. तोपर्यंत आकाशवाणी आणि दूरदर्शन दोन्ही थेट मंत्रालयाखाली होती. १९९७ नंतर ती एका स्वायत्त महामंडळाकडे गेली आणि त्या महामंडळाचं नाव प्रसारभारती.

आता "स्वायत्त" हा शब्द किती खरा ते बघा. त्याच कायद्याप्रमाणे देशाच्या सुरक्षेसाठी, सार्वभौमत्वासाठी किंवा सार्वजनिक शांततेसाठी अमुक दाखवा, तमुक दाखवू नका असा आदेश केंद्र सरकार देऊ शकतं. नोकरभरती, पगार, सेवाशर्ती यांचे नियम केंद्राच्या मंजुरीशिवाय होत नाहीत. आणि पैसा? तो पुढच्याच प्रश्नात येतोय.

पैसा येतो कुठून? माझ्या खिशातून का?

हो, तुमच्या आणि माझ्या. दरवर्षी केंद्राच्या बजेटमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या नावावर प्रसारभारतीसाठी अनुदान असतं, २०२३-२४ ला ते साधारण २,८०० कोटी होतं. १४० कोटी लोकांत वाटलं तर माणशी वर्षाला वीस रुपये पडतात, म्हणजे दोन कटिंग चहा.

यातला सगळ्यात मोठा भाग जातो पगारात. ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत रुजू झालेल्या लोकांना केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा आहे आणि त्यांचा पगार सरकार देतं. म्हणजे जो माणूस बातमी लिहितो, वाचतो, ट्रान्समीटर सांभाळतो त्याची पगाराची स्लिप शेवटी त्याच सरकारच्या तिजोरीशी जोडलेली आहे ज्याची बातमी त्याला द्यायचीय. त्याला कोणी फोन करायची गरजसुद्धा पडत नाही, माणूस आपला आपणच जपून लिहायला लागतो. मला विचाराल तर हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

मशिनरीचा खर्च वेगळा असतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने 'बाइंड' नावाच्या योजनेत २०२५-२६ पर्यंतसाठी २,५३९ कोटी मंजूर केले, ते ट्रान्समीटर, स्टुडिओ, एफएमचा विस्तार वगैरेसाठी. याशिवाय स्वतःची कमाई आहे, जाहिराती, सरकारी खात्यांचे प्रायोजित कार्यक्रम, टॉवरवर जागा भाड्याने देणं आणि फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत छत्रीसेवेवर प्रायव्हेट चॅनलना स्लॉट लिलावात विकणं. हा शेवटचा आकडा वर्षाला शेकडो कोटीत जातो.

पूर्वी रेडिओला लायसन्स लागायचं हे खरं का?

अगदी खरं! आमच्या आजोबांच्या लोखंडी पेटीत ते सापडलं होतं. बँकेच्या पासबुकापेक्षा थोडं लहान, पुठ्ठ्याचं कव्हर, आत दर वर्षाला एक चौकोन, त्यात पोस्टातून घेतलेलं तिकीट चिकटवलेलं आणि त्यावर पोस्टाचा गोल शिक्का. एका वर्षीचा शिक्का इतका जोरात मारलाय की मागच्या पानावर उमटलाय. वर्षाची फी पोस्टात भरायची, नाही भरली तर इन्स्पेक्टर येईल ही भीती असायची, आजी म्हणायची की फी राहिली की रेडिओवर चादर टाकून ठेवायचो. टीव्ही आल्यावर टीव्हीलाही लायसन्स आलं. १९८० च्या दशकात हे सगळं बंद झालं.

तेव्हा ते कटकटीचंच वाटायचं, पण ते पुस्तक हातात घेतल्यावर मला जाणवलं की आजोबांना माहीत होतं की आपण रेडिओचे पैसे भरतो. आज आपण भरतोय हे आपल्याला माहीतच नाही, त्यामुळे आपण हिशोबही मागत नाही.

मग बीबीसीसारखी लायसन्स फी परत आणली तर प्रश्न सुटेल?

मलाही आधी असंच वाटायचं. ब्रिटनमध्ये घरटी टीव्ही लायसन्स आहे, २०२५-२६ ला ते वर्षाला १७४.५० पौंड होतं. पैसा लोकांकडून येतो, दरवर्षीच्या बजेटमधून नाही, हे चांगलंच. पण फी किती ते ठरवणार कोण? सरकारच. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या मंत्री नडीन डोरिस यांनी फी दोन वर्षं १५९ पौंडांवर गोठवून टाकली, महागाई वाढत असताना, म्हणजे प्रत्यक्षात कपातच. शिवाय बीबीसीची सनद, म्हणजे ती ज्याच्या आधारावर चालते तो परवाना, २०२७ च्या शेवटी संपतेय, त्यानंतर फी राहणार की जाणार यावर तिथे जोरदार वाद चाललेत.

आणि बायसचा आरोप? तो तर दोन्हीकडून होतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांचं भाषण एका कार्यक्रमात चुकीचं कापून जोडल्यावरून बीबीसीचे महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस या दोघांनी राजीनामे दिले. लोकांच्या पैशावर चालणारी संस्था चुकली तर वरच्या माणसाने खुर्ची सोडली, हे मला तरी मोठं वाटतं, आपल्याकडे असं झालेलं मला आठवत नाही.

जर्मनीचं उदाहरण मला जास्त आवडतं. तिथे प्रत्येक घर महिन्याला १८.३६ युरो भरतं, टीव्ही असो नसो. रक्कम किती हवी ते एक स्वतंत्र आयोग हिशोब करून सांगतो आणि मग सगळी राज्यं मंजुरी देतात. २०२० मध्ये एका राज्याने, साक्सन-आनहाल्टने, वाढ अडवली. वाहिन्या कोर्टात गेल्या आणि २०२१ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की असं अडवून धरता येणार नाही, हा प्रसारण-स्वातंत्र्याचा भंग आहे आणि वाढ लागू केली. म्हणजे पैसा कोण देतं यापेक्षा पैसा कोण अडवू शकतं हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे दरवर्षी मंत्रालय अडवू शकतं.

प्रसारभारतीचं बोर्ड कोण नेमतं?

तीन जणांची समिती असते, राज्यसभेचे सभापती म्हणजे उपराष्ट्रपती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती. ऐकायला छान आहे पण विरोधी पक्षनेत्याला त्यात जागा नाही. कायद्यात अजून दोन गोष्टी लिहिल्यात, खासदारांची एक समिती जी प्रसारभारतीवर नजर ठेवेल आणि एक प्रसारण परिषद जी लोकांच्या तक्रारी ऐकेल. दोन्ही कागदावरच राहिल्या. सगळ्या रंगांची सरकारं येऊन गेली, कोणालाही त्या आणाव्याशा वाटल्या नाहीत. २०१४ च्या जानेवारीत प्रसारभारतीसाठी नेमलेल्या सॅम पित्रोदा समितीने अहवाल दिला, त्यात खरी स्वायत्तता द्या, पैशाची व्यवस्था बदला असं सगळं होतं. तोही फाईलीत गेला.

हे सगळं आत्ताच्या सरकारपासून सुरू झालं ना?

नाही हो. आणि "आधीही असंच होतं, मग आता का बोलता" हेही मला मान्य नाही. दोन्ही बाजूंनी हा प्रश्न टाळला जातो म्हणून सविस्तर सांगते.

आणीबाणी लागली ते २६ जून १९७५ च्या सकाळी लोकांनी इंदिरा गांधींच्या आवाजात आकाशवाणीवरूनच ऐकलं. त्या काळात विद्याचरण शुक्ल माहिती-प्रसारण मंत्री होते आणि किशोर कुमारने सरकारच्या कार्यक्रमात गायला नकार दिला म्हणून १९७६ मध्ये त्याची गाणी आकाशवाणी-दूरदर्शनवरून गायब झाली. बातम्या तर सोडाच, गाणीसुद्धा! १९७७ ला जनता पक्ष आला, अडवाणी मंत्री झाले, बी. जी. वर्गीज यांच्या समितीने 'आकाश भारती' नावाच्या स्वतंत्र ट्रस्टची शिफारस केली, बिल आलं आणि सरकार पडल्यावर बुडालं. म्हणजे आणीबाणीच्या अनुभवातून जे व्हायला हवं होतं त्याला प्रत्यक्षात यायला वीस वर्षं लागली, तेही अर्धवट.

एप्रिल २०१४, लोकसभा निवडणूक चालू, केंद्रात यूपीए. दूरदर्शनने नरेंद्र मोदींची मुलाखत घेतली आणि दाखवताना काही भाग कापला. आरडाओरडा झाला तेव्हा प्रसारभारतीचे तेव्हाचे सीईओ जवाहर सरकार यांनी बोर्डाला पत्र लिहून दूरदर्शनला मंत्रालयापासून खरी स्वायत्तता मिळालेलीच नाही हे मांडलं. पुढच्याच महिन्यात सरकार बदललं आणि ३ ऑक्टोबर २०१४ ला, दसऱ्याला, दूरदर्शनने नागपूरहून सरसंघचालक मोहन भागवत यांचं भाषण लाइव्ह दाखवलं. त्याच दिवशी आकाशवाणीवर 'मन की बात' सुरू झालं. २०१७ च्या १५ ऑगस्टला त्रिपुराचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचं भाषण, मजकूर बदलल्याशिवाय प्रसारित करणार नाही असं त्यांना कळवलं गेलं. निवडून आलेला मुख्यमंत्री, स्वातंत्र्यदिनाचं भाषण, आणि नकार! २०२३ मध्ये बातम्या पुरवायचं काम संघपरिवाराशी जवळीक असलेल्या 'हिंदुस्थान समाचार' या एजन्सीला दिलं. एप्रिल २०२४ मध्ये, पुन्हा निवडणुकीच्या तोंडावर, डीडी न्यूजचा लाल लोगो केशरी झाला.

रंगाबद्दल मी भांडणार नाही, पण वेळ बघा. मोदींची मुलाखत कापली तेव्हा ज्यांना राग आला त्यांना माणिक सरकारांच्या वेळी आला का, आणि उलट? मला दोन्ही वेळा आला, कारण दोन्ही वेळा ऐकायचा हक्क माझा होता.

प्रायव्हेट चॅनल तर त्याहून जास्त बायस्ड आहेत, मग दूरदर्शनच्याच मागे का लागता?

प्रायव्हेट चॅनल एका बाजूने ओरडतात हे खरंय, आणि त्यांचाही पैसा स्वच्छ नाहीये. सरकारी जाहिराती हा मोठा आधार असतो, केंद्राचं काम आधी डीएव्हीपी करायचं, आता केंद्रीय संचार ब्युरो करतो, राज्याचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय करतं. तालुक्याच्या गावचं छोटं साप्ताहिक तर सरकारी नोटिसांवरच जगतं, जाहिरात थांबली की छपाईचं बिल थकलं. त्यामुळे पक्षपात फक्त सरकारी संस्थेत असतो असं नाही.

पण फरक आहे. प्रायव्हेट चॅनल नको असेल तर मी बदलते. दूरदर्शनचे पैसे मी बदलू शकत नाही, ते भरलेलेच असतात. केबलवाल्याला दूरदर्शनचे ठरावीक चॅनल दाखवणं कायद्याने सक्तीचं आहे. आणि रेडिओवर तर बातम्यांची मक्तेदारीच आहे, प्रायव्हेट एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, द्यायच्या तर आकाशवाणीच्या जशाच्या तशा. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी १९९५ मध्ये, हिरो कप या क्रिकेट स्पर्धेच्या प्रसारणावरून झालेल्या केसमध्ये सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. मुख्य निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आपल्या महाराष्ट्रातले. तीस वर्षं झाली, रेडिओच्या बातम्या अजून तिथेच आहेत.

बातमी एका बाजूची आहे हे ओळखायचं कसं? मला तर दूरदर्शनच्या बातम्या शांत वाटतात.

शांत असतातच, आणि ते मला आवडतं. पण आवाज खाली आहे म्हणजे बातमी सरळ आहे असं नाही. एक आठवडा वही घेऊन बसा, संध्याकाळचं एकच बुलेटिन घ्या, आणि क्रियापदं लिहा. फक्त क्रियापदं. मंत्री काय करतात? "स्पष्ट केलं", "सांगितलं", "ग्वाही दिली", "नमूद केलं". विरोधक काय करतात? "आरोप केला", "दावा केला", "टीका केली". आता "स्पष्ट केलं" म्हटलं की ऐकणारा गृहीत धरतो की जे आहे ते खरंच आहे, फक्त आता नीट समजलं. आणि "दावा केला" म्हटलं की मनात शंका आलीच. दोघांनी तितकंच बोललेलं असतं, तरी वाक्य संपेपर्यंत एकाचं खरं आणि एकाचं संशयास्पद झालेलं असतं.

मग बघा आवाज कोणाचा ऐकू येतो. मंत्र्यांची बाइट त्यांच्या तोंडून आणि विरोधकांचं म्हणणं निवेदकाने एका ओळीत गुंडाळलेलं, असं किती वेळा होतं ते मोजा. तिसरं म्हणजे काय आलंच नाही. हे सगळ्यात अवघड, त्यासाठी त्या दिवशीचं एक वर्तमानपत्र शेजारी लागतं. कांद्याचा भाव पडल्याची बातमी पहिल्या पानावर आणि बुलेटिनमध्ये फक्त योजनेचं उद्घाटन, असं झालं तर तिथे खूण करा.

हीच वही घेऊन तुमच्या आवडत्या प्रायव्हेट चॅनललाही बसा. आणि ज्या राज्यात तुमच्या आवडीचं सरकार आहे तिथल्या बातम्यांनाही.

निवडणुकीत तरी समान वेळ मिळतो का?

थोडाफार. १९९८ पासून निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली मान्यताप्राप्त पक्षांना दूरदर्शन-आकाशवाणीवर प्रचाराला फुकट वेळ मिळतो, काही वेळ सारखा आणि बाकीचा मागच्या निवडणुकीतल्या मतांच्या हिशोबाने वाटून. ही चांगली सोय आहे, लहान पक्षाला एवढ्या लोकांपर्यंत जायला दुसरा मार्ग नाही. पण हे भाषणांपुरतं आहे, बातम्यांमध्ये कोणाला किती वेळ हा हिशोब वेगळाच.

क्रिकेट मॅच दूरदर्शनवर येते त्याचा पैसा?

२००७ चा कायदा आहे, राष्ट्रीय महत्त्वाच्या मॅचचं सिग्नल प्रायव्हेट चॅनलने प्रसारभारतीला द्यायचं, टीव्हीवर जाहिरातीचं उत्पन्न ७५ टक्के त्यांचं, २५ टक्के प्रसारभारतीचं, रेडिओवर निम्मं निम्मं.

गोव्यात आकाशवाणीच्या आधी कोणता रेडिओ होता?

हे उत्तर मला मुद्दाम द्यायचंय. पणजीचं केंद्र पोर्तुगीज काळात 'एमिसोरा द गोवा' होतं, म्हणजे राज्यकर्त्यांचा रेडिओ. त्याला उत्तर म्हणून १९५५ ते १९६१ वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेपलीकडच्या जंगलातून कोकणी आणि पोर्तुगीजमध्ये गुप्त रेडिओ चालवला, साप-पाऊस-जळवा सहन करत सहा वर्षं! लिबियाबाईंना २०२५ ला पद्मश्री मिळाली. सरकारी रेडिओ जे सांगत नाही ते लोकांना ऐकायचं असतं, म्हणून दोन माणसं जंगलात राहिली.

एवढं सगळं असेल तर बंदच करा ना, वाचतील आपले पैसे.

नको! कृपया हे म्हणू नका.

जून २०२३ मध्ये आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरकडे न्यायचा आदेश निघाला, कारण माणसं नाहीत. ज्या सकाळच्या बातम्या ऐकत मी मोठी झाले त्या. पुणेकर, पत्रकार, सगळ्या पक्षांचे लोक बोलायला लागले आणि काही दिवसात दिल्लीने तो निर्णय थांबवला. म्हणजे हे लोकांना हवंय, आणि लोक बोलले की ऐकलंही जातं.

माझी मावशी कोकणात वाडीत राहते, तिच्याकडे फ्री डिशची छत्री आहे, एकदा सेट घेतला की महिन्याला काही भरायचं नाही. देशात अशी चार कोटींहून जास्त घरं आहेत असा अंदाज आहे. वादळात वाडीतले टॉवर बंद पडले, मोबाईल गेला, तेव्हा तिच्याकडे सेलवरचा रेडिओ चालू होता. मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका हे सांगण्यात कुठल्या प्रायव्हेट कंपनीला नफा आहे? मराठीत शेतीवर अर्धा तास शांतपणे बोलण्यात?

अमेरिकेत हेच झालं. तिथे १९६७ च्या कायद्याने स्थापन झालेली सार्वजनिक प्रसारणाची संस्था होती, २०२५ च्या जुलैमध्ये बायसचा ठपका ठेवून तिथल्या संसदेने दोन वर्षांचे ११० कोटी डॉलर काढून घेतले आणि पुढच्याच महिन्यात संस्थेने काम गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मोठ्या शहरातल्या स्टेशनांना देणगीदार आहेत, फटका बसला तो खेड्यातल्या, आदिवासी भागातल्या छोट्या स्टेशनांना, ज्यांचा त्या राजकीय बातम्यांशी काही संबंधही नव्हता.

मग काय बदलायला हवं?

मला विचाराल तर आधी तीनच गोष्टी. अनुदान दरवर्षी नको, पाच वर्षांचं एकदम ठरवा आणि रक्कम स्वतंत्र आयोगाने सुचवावी, वित्त आयोगासारखी. बोर्ड नेमणाऱ्या समितीत विरोधी पक्षनेता हवाच. आणि कायद्यात आधीच लिहिलेली प्रसारण परिषद नेमा, त्यासाठी नवीन कायदासुद्धा लागत नाही. भरतीचं मात्र लगेच बघा, केंद्रं ओस पडतायत, जुने लोक रिटायर होतायत आणि खुर्च्या रिकाम्या आहेत.

मला तक्रार करायची असेल तर?

"तुम्ही बायस्ड आहात" असं लिहू नका, ते केराच्या टोपलीत जातं. तारीख, वेळ, कुठलं बुलेटिन, कुठलं वाक्य आणि तुमच्या मते काय असायला हवं होतं एवढं लिहा. केंद्राला पाठवा, एक प्रत तुमच्या खासदाराला. प्रसारभारतीला माहिती अधिकार लागू आहे, दहा रुपयाचं शुल्क, तुमच्या जिल्ह्याच्या केंद्रात मंजूर पदं किती, भरलेली किती, गेल्या वर्षी स्थानिक कार्यक्रमांवर खर्च किती एवढं विचारा. अर्ज मराठीत केला तरी चालतो, कायद्यातच तसं लिहिलंय.